घोड्यांच्या गावात स्थळाची चौकशी

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं मोटारपंपाचं आणि पाइपांचं दुकान आहे. पण दुकान हा जोडधंदा. माझं खरं काम स्थळांच्या चौकशीचं, आणि ते मी फुकट करतो, कारण एवढ्या मोठ्या कलेची किंमत लावू शकेल असा माणूस अंबड तालुक्यात अजून जन्मलेला नाही.

चौकशी म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. कुणाच्या मुलीचं जमायला आलं, की मुलाच्या गावात गुपचूप उतरायचं. मुलाच्या घराकडे ढुंकूनही बघायचं नाही. पिठाची गिरणी, न्हाव्याचं दुकान, चहाची टपरी, एवढ्या तीन ठिकाणी बसायचं. बोलणं कापसाच्या भावापासून सुरू करायचं आणि मधेच, खिशातून रुमाल पडावा तसं, मुलाचं नाव पडू द्यायचं. समोरचा शिव्या घालू लागला तर घाबरायचं नाही. बांधाचं भांडण असतं. फार कौतुक करू लागला तर तो मुलाचा चुलता असतो. पण समोरचा गप्प झाला, त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि "यंदा पाऊस बरा हाय, न्हाई का?" असं म्हणाला, की चहा अर्धा सोडून उठायचं. ज्या पोराबद्दल शेजारी बोलत नाही आणि पावसावर जातो, त्या घरी मुलगी द्यायची नसते. या एका खुणेवर मी इतकी स्थळं मोडली आहेत, की ती सगळी पोरं एका रांगेत उभी केली तर पहिला माझ्या दुकानात आणि शेवटचा अंबडच्या बसस्टँडात निघेल.

तर माझी भाची. राजूरला दिलेल्या माझ्या अक्काची मुलगी. जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं, हे तिचं काम. त्यामुळे तिला फसवणं अवघड. तिला एक स्थळ आलं. पोरगं मूळ भोकरदनकडचं, पण राहायला इंग्लंडात. बायोडाटात लिहिलेलं : "इंग्लंडमधील जंगलातल्या एका ऐतिहासिक गावात, हॉटेलात शेफ." सोबत फोटो. फोटोत पोरगं हसत उभं, आणि त्याच्या मागे एक घोडं किराणा दुकानात शिरतंय.

दाजींनी, म्हणजे भाचीच्या वडलांनी, तो फोटो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, मग उन्हात नेऊन पाहिला.

"हे घोडं नंतर चिकटवलेलं हाय," ते म्हणाले.

"दाजी, घोडं कोण कशाला चिकटवील?"

"तेच तर! जो माणूस कारण नसताना घोडं चिकटवतो, तो पुढं काय काय चिकटवील?"

योगायोग असा, की त्याच महिन्यात आम्ही नवराबायको आमच्या मुलाकडे इंग्लंडला निघालो होतो, आणि ते जंगल मुलाच्या घरापासून बसनं तासाभरावर. दाजींनी मला बाजूला घेतलं.

"संकष्टीला अंकुशनगरचे पाहुणे गणपतीच्या दर्शनाला येऊन राह्यले. पोरगं कारखान्यात कामाला हाय, घरदार बराबर हाय. उपास सोडायला आपल्याकडंच थांबणार. चंद्र उगवायच्या आत त्यांना उत्तर द्यावं लागतंय. तू तिथं जाऊन चौकशी कर. तू हो म्हणला तर विलायतचा, न्हाई म्हणला तर अंकुशनगरचा. बिलकुल तुझ्यावर सोडलं."

भाची मला फाटकापर्यंत पोचवायला आली. "मामा, मला ते आवडले हायेत," ती म्हणाली. "रोज बोलणं होतंय. पण तुम्ही न्हाई म्हणलात तर अण्णा माझं ऐकणार न्हाईत. तेवढं ध्यानात ठेवा." आणि मी चप्पल घालत असताना, "आणि मामा, पदरचं काही घालू नका."

मी पदरचं घालतो असा तिचा समज कुणी करून दिला, याचीही एकदा चौकशी करायला हवी.

इंग्लंडात पोचल्यावर मुलाला सुट्टी मिळेना, बायकोला थंडी बाधली, आणि असं करत करत संकष्टीच उजाडली. सकाळी आम्ही दोघंच बसमध्ये बसलो. मुलाला सांगितलं, जुनं गाव बघायला चाललो. पोराला आधी फोन करायचा प्रश्नच नव्हता. ज्याची चौकशी करायची त्याला कळवून गेलं तर ती चौकशी नाही, सत्कार.

जंगल म्हणायचे ते, पण मला सुरुवातीपासून शंका. ना वाघ, ना माकड, ना वनखात्याचा माणूस. झाडं मात्र अशी जाड, की एकेका झाडाच्या ढोलीत आमचं दुकान गोदामासकट बसावं. हजार वर्षांपूर्वी कुण्या राजानं शिकारीसाठी हे राखून ठेवलं, असं बसमधल्या कागदावर होतं. आणि मग बस एकदम थांबली. रस्त्यात गाढव उभं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही, खाली उतरला नाही, शिवी दिली नाही. गाढवाचा विचार पक्का होईपर्यंत अख्खी बस शांत बसून राहिली. मी बायकोला म्हणालो, "बघून ठेव. इथं काहीतरी गडबड हाय."

गावात उतरलो तर घोडे. बुटके, केसाळ घोडे, कुणाच्या हातात लगाम नाही. एक औषधाच्या दुकानासमोर, दोन बसथांब्यात, आणि एक, अगदी देवाशपथ, किराणा दुकानात डोकं घालून उभं. फोटो खरा होता. पण यानं माझी शंका कमी न होता वाढलीच. आमच्याकडे सुटं जनावर दिसलं की तासाभरात कोंडवाड्यात जातं. इथं इतकी जनावरं मोकळी, आणि कुणीच विचारत नाही कुणाची? जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येकाच्या शेपटीचे केस पायऱ्या पायऱ्यांनी कापलेले. मी जनावरांचे पन्नास बाजार पाहिलेला माणूस. खूण केलेलं जनावर म्हणजे मालक आहे. आणि मालक असून मोकळं सोडलंय म्हणजे मालक लपून बघतोय. मी टोपी सारखी केली आणि आजूबाजूच्या खिडक्या बघून घेतल्या.

गावाची घरं गवतानं शाकारलेली. आम्ही मरमर करून गवत काढलं आणि स्लॅब टाकला, आणि हे लोक गवताखाली मोटारी उभ्या करून राहतात. पुढे तीन दुकानं चेटकिणींची. लपूनछपून नाही, पाटी लावून! खिडकीत झाडू, काळी टोपी, काचेचे गोळे. बायको दारातच थांबली.

"म्या न्हाई येत आत."

"अगं, पर्यटनस्थळ हाय हे."

"तुमच्या भाचीला ह्या गावात नांदायचंय. त्याचा इचार करा आधी."

म्हणून आम्ही चहाच्या दुकानाकडे वळलो. पद्धतीनं तेच पहिलं ठाणं. दुकान एका साठीच्या गोऱ्या बाईचं. तिनं चहाबरोबर उकडीच्या मोदकाएवढे दोन फुगीर पाव, त्यावर लोण्यासारखी घट्ट साय आणि मुरंबा आणून ठेवला. संकष्टीचा उपास होता, पण साय आणि मुरंबा उपासाला चालतो असा निर्णय मी तिथल्या तिथं दिला. पाव बायकोनं माझ्यावर डोळे वटारून बाजूला सारले.

आता माझं इंग्रजी. ते मोटारपंपाच्या खोक्यांवर वाचून शिकलेलं. त्यात हॉर्सपॉवरच्या पुढे जाता येत नाही. म्हणून मुलानं फोनमध्ये एक सोय करून दिली होती. आपण मराठीत बोलायचं, आणि फोनमधली बाई तेच इंग्रजीत मोठ्यानं सांगते; समोरच्याचं इंग्रजी तशीच मराठीत करून देते. मी आधी, रिवाजाप्रमाणे, कापसाचा भाव काढला. फोनमधल्या बाईनं तो दुकानभर जाहीर केला. चार टेबलांवरची माणसं वळली. मग मी खिशातून रुमाल काढावा तसा स्थळाच्या पोराचा फोटो काढला आणि विचारलं, "या पोराला ओळखता का? दारू पितो का? पगार किती? रात्री घरी किती वाजता येतो, आणि एकटाच येतो का?"

फोनमधल्या बाईनं हे असं खणखणीत विचारलं, की रस्त्यावरच्या घोड्यानं मान वर केली.

चहावाली बाई फोटोकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला. "तुम्हाला हे कशासाठी हवंय?" तिनं विचारलं.

कशासाठी, हे चौकशीत कधी सांगत नाहीत. मी नुसता सूचक हसलो. मिशीवाला माणूस सूचक हसला की कसा दिसतो, हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

"मी त्याच्याबद्दल काही सांगू शकत नाही," ती म्हणाली. मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "आज ऊन छान पडलंय, नाही?"

माझ्या हातातला चमचा थांबला. बायकोकडे पाहिलं. तिनंही ते टिपलं होतं; माझ्याशी इतकी वर्षं संसार केलाय.

पोस्टाच्या काउंटरवर विचारलं. तिथला माणूस म्हणाला, काल वारा फार होता. कुत्रं फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, उद्या पाऊस येईलसं वाटतं. चर्चच्या आवारात फुलांना पाणी घालणाऱ्या बाईनं तर फोटो पूर्ण पाहिलाच नाही आणि धुक्यावर सुरू झाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी पोचायच्या आधीच माणसं मला ओळखत होती. मी दारात आलो की आतलं बोलणं बंद. माझ्यापुढून बातमी चालली होती, आणि मी तिच्या मागून.

असं गाव मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एखाददुसरा शेजारी आभाळाकडे बघतो. इथं अख्खं गाव आभाळाकडे बघत होतं.

"आवो, ह्या लोकांची रीतच असंल तशी," बायको म्हणाली.

"रीत? पोराचं नाव काढलं की चार माणसं हवापाण्यावर जातात, ही रीत असती का?"

"अजून एकदा इचारा तरी. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

"म्हणूनच!" मी म्हणालो, आणि घोड्याच्या आडोशाला उभा राहून अक्काला आवाजी निरोप पाठवला : "स्थळ मोडा. पोरात खोट हाय. मोठी. सगळं गाव त्याच्या नावानं मुकं झालंय. पोस्टातला माणूस फोटो बघून थरथरला, चर्चमधल्या बाईच्या हातून झारी पडली. गावात चेटकिणींची तीन दुकानं हायेत, जनावरांच्या शेपट्या कापलेल्या हायेत. अंकुशनगरला हो म्हणा."

झारी पडली नव्हती. पण पडायच्या बेतात होती.

काम संपलं होतं, परतीची बस दोन तासांनी होती. बायको म्हणाली, आलोच आहोत तर जंगल तरी बघू. तिथं हरणं दाखवायला नेतात. कशातून म्हणाल? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून! ट्रॉलीत पेंढ्याचे गठ्ठे, त्यावर तिकीट काढून बसलेले गोरे लोक, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर लग्नाला निघाल्याचा आनंद. ऊसतोडीच्या दिवसांत अंकुशनगरच्या रस्त्यावर असा प्रवास माणसं एक पैसा न देता करतात. हरणं दिसली. प्रत्येकाच्या डोक्यावर बाभळीचं झाड उगवल्यासारखी शिंगं. पुढे ओकाच्या झाडांखाली पडलेली फळं डुकरं मचमच खात होती. त्यांना म्हणे शरद ऋतूत मुद्दाम सोडतात, कारण ती फळं घोड्यांना बाधतात. म्हणजे घोड्यांच्या तब्येतीसाठी डुकरं कामाला. मी हे दाजींना सांगायचं मनातल्या मनात रद्द करून टाकलं.

ट्रॉली परत येताना एका हॉटेलच्या मागून गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत पांढऱ्या टोपीतला एक चेहरा दिसला. फोटोतलाच. त्याच्या शेजारी चहावाली बाई उभी. तिनं आम्हाला पाहिलं आणि हातानं त्याचं डोकं खाली दाबलं.

"लपवला!" मी बायकोचा दंड धरला. "बघितलं का? लपवला!"

पण ट्रॉली फाटकाशी थांबली, तर ते पोरगं पीठ भरल्या हातांनी धावत आलं आणि भर रस्त्यात, दोन घोड्यांच्या मधे, माझ्या पाया पडलं.

"मामा! तुम्ही कवा आल्ते? मला कळवलं का न्हाई? म्या खिडकीतून टोपी बघितली आन् म्हणलं, ही गांधी टोपी आपल्याकडचीच! आन् मिशी तुमच्या भाचीनं दाखवलेल्या फोटोतली!"

"उठ," मी म्हणालो. "आधी सांग, ती बाई तुला लपवून का राह्यली?"

पोरगं हसायला लागलं. चहावाली बाई धापा टाकत मागून आली होती. झालं होतं ते असं : एक मिशीवाला अनोळखी माणूस पोराचा पगार, त्याची येण्याजाण्याची वेळ आणि तो एकटा असतो का हे विचारत फिरतोय, म्हणून चहावालीनं पोस्टात फोन केला, पोस्टानं चर्चला, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की या माणसाला एक अक्षर सांगायचं नाही. कामावरून पोराला हलू द्यायचं नाही. इथं अनोळख्याला दुसऱ्याची माहिती देणं पाप समजतात, पोरगं म्हणालं. आणि विषय बदलायचा झाला की ही माणसं हवेवरच जातात. चांगल्या माणसाबद्दल बोलतानाही, वाईट माणसाबद्दल बोलतानाही.

मी मुलीचा मामा आहे, हे पोरानं सांगितल्यावर मात्र त्या बाईचं तोंड जे उघडलं, ते फोनमधल्या बाईला धाप लागेपर्यंत. हा पोरगा पहाटे पाच वाजता भट्टी लावतो. तिचा पाय मोडला तेव्हा दोन महिने रोज जेवणाचा डबा आणून द्यायचा. हट्टी आहे. मीठ जास्त घालतो. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपतो. मी ऐकत गेलो आणि अक्काला पाठवलेला निरोप मनात पुन्हा पुन्हा वाजत गेला. कौतुक आणि तक्रार एकाच तोंडातून येत होती. पद्धतीप्रमाणे याहून चोख चौकशी नसते.

"शेफ हायेस ना?" मी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"न्हाई मामा. दोन वर्षं भांडी घासली. आता पाव आन् भाजीचं न्हाईतर मटणाचं सारण भरलेल्या मोठ्या खाऱ्या करंज्या भाजतो. राह्यतो भाड्याच्या खोलीत. शेफ मधल्या माणसानं लिहिलं. तुमच्या भाचीला म्या पहिल्याच दिवशी सांगितलंय." मग हातावरचं पीठ झटकत, "मामा, तुमची चौकशी बी म्या केल्ती वडीगोद्रीत, फोनवरनं."

"काय म्हणले लोक?"

"म्हणले, मामा सांगतील त्यातलं निम्मं सोडायचं. उरलेल्यातलं निम्मं दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं."

बायको तोंडाला पदर लावून घोड्याकडे वळली.

मी त्याला निरोपाचं सांगितलं. पोरगं हसायचं थांबलं. हात पुसायला लागलं, पुसलेलेच पुन्हा पुसायला लागलं. साडेतीन वाजले होते; राजूरला रात्रीचे आठ. चंद्राला अजून थोडा अवकाश होता. मी दाजींना फोन लावला.

"दाजी, निरोप चुकला. पोरगं चांगलं हाय. हो म्हणा."

"मघाशी मोडा, आता जोडा," दाजी म्हणाले. मागे ताटांचा आवाज येत होता. "तिथं तुला काय खाऊ घातलं त्यानं?"

मी सगळं समजावून सांगितलं. घोडे दुकानात शिरतात ते, अख्खं गाव पोराला लपवतं ते, डुकरं घोड्यांसाठी राबतात ते. प्रत्येक शब्द खरा. आणि प्रत्येक शब्दासरशी फोनवर दाजींचा श्वास अधिकाधिक संशयी होत गेला. आयुष्यभर खोटं बोललो तेव्हा लोक मान डोलवत होते. आज खरं बोललो तर माझं मलाच पटेना.

"चंद्र निघायला आला, पाहुणे हात धुवायला उठलेत," दाजी म्हणाले. "मी त्यांना हो सांगून राह्यलो."

तेवढ्यात फोन कुणीतरी हिसकावून घेतल्यासारखा आवाज झाला. भाची.

"मामा. गाव सोडा, जनावरं सोडा. तुम्ही काय बघितलं तेवढंच सांगा. मधलं काही न्हाई."

मी पोराकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहून बोललो, "भांडी घासायचा, आता पाव भाजतो. शेफ न्हाई. भाड्याची खोली हाय. गावातले लोक त्याला माझ्यापासून लपवत होते, कारण त्यांना वाटलं मी त्याला तरास द्यायला आलोय."

"एवढंच?"

"एवढंच."

मग दाजींचा आवाज, लांबून : "त्यानं इतकं कमी कधी सांगितलं न्हाई. मोठं काहीतरी दडवून राह्यला."

"अण्णा," भाची म्हणाली, "शेफ न्हाई ते मला म्हाईत होतं. बाकीचं मामाच्या तोंडून ऐकायचं होतं. अंकुशनगरच्या पाहुण्यांना मी सोताच सांगते. त्यांच्या पोराला नावं ठिवायची न्हाईत. मी दुसऱ्याला हो म्हणलंय, तेवढंच सांगते."

दाजी काहीतरी बोलले, पण ते आता भांडणाच्या सुरात नव्हतं. लग्नाला तांदूळ पुरतील का असं काहीतरी होतं. अक्काचा हुंदका ऐकू आला, की हसू, मी नक्की सांगत नाही.

"मामा," भाची म्हणाली, "त्यांना द्या फोन."

मी फोन दिला. पोरगं तो दोन्ही हातांनी धरून रस्त्याच्या कडेला, झाडाकडे, पाठ करून उभं राहिलं. मी सवयीनं दोन पावलं तिकडे सरकलो. बायकोनं सदरा धरून मला मागे ओढलं.

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं, झाडाखालच्या पोराकडे पाहिलं आणि वाट बघत थांबला. मी हात हलवून त्याला जा म्हणालो. दार मिटलं, बस निघून गेली, आणि आम्ही दोघं पेंढ्याच्या एका गठ्ठ्यावर टेकून बसलो.